बळीची संमती : यज्ञबलीच्या चित्रणातील एक नैतिक प्रश्न

१

वैदिक पशुयागात पशूला मारण्याच्या कृत्याला 'संज्ञपन' म्हणतात. 'सम्' उपसर्ग लागलेल्या 'ज्ञा' या धातूच्या प्रयोजक रूपापासून हा शब्द सिद्ध होतो आणि 'सहमत करणे', 'एकमत घडवून आणणे' असा त्याचा मूळ अर्थ आहे. पशूवर शस्त्र चालवले जात नाही. वेदीपासून दूर, शामित्र अग्नीपाशी, शमिता त्याचा श्वास कोंडून प्राण घेतो. शतपथ ब्राह्मणाने या प्रसंगासाठी दोन दंडक घालून दिले आहेत. 'मार' असे म्हणावयाचे नाही, कारण ती मनुष्यांची रीत झाली. 'संज्ञपन कर' असे म्हणावयाचे. आणि त्या क्षणी ऋत्विजांनी पाठ फिरवून आहवनीय अग्नीकडे तोंड करावयाचे, जेणेकरून त्या घटनेचे ते प्रत्यक्षदर्शी ठरणार नाहीत. तत्पूर्वी पशूची माता, पिता, भाऊ आणि सवंगडी यांनी अनुमती द्यावी, असा मंत्रही म्हटला जातो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अश्वाच्या सूक्तात तर खुद्द घोड्यालाच आश्वासन दिलेले आहे की, हे तुझे मरण नव्हे, तुला इजा होत नाही, तू सुगम वाटांनी देवांकडे निघाला आहेस.

या सर्व तपशिलांकडे केवळ कर्मकांड म्हणून पाहता येत नाही. विधीने येथे दोन गोष्टींची व्यवस्था लावली आहे : एक शब्दाची, दुसरी नजरेची. मृत्यूला संमतीचे नाव द्यायचे आणि तो घडत असताना पाहायचे नाही. ज्यांना आपल्या कृत्यात काही गैर वाटत नाही, त्यांना अशा व्यवस्थेची गरज पडत नाही. तेव्हा यज्ञसंस्थेला बळीच्या हिंसेचे भान नव्हते, हे म्हणणे टिकणारे नाही. ते भान होते म्हणूनच बळीच्या मुखी संमती घालावी लागली.

चित्रकार आणि शिल्पकार यांची अडचण नेमकी येथे सुरू होते. ऋत्विजाला पाठ फिरवता येते. चित्रकाराला ती सोय नाही. त्याचे काम दाखवण्याचे आहे आणि प्रेक्षकाचे पाहण्याचे. धार्मिक बलिदानाचा प्रसंग रंगात वा दगडात आणणाऱ्याला काही निर्णय टाळताच येत नाहीत : कोणता क्षण निवडावा, शस्त्र कोठे असावे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बळीचा चेहरा दिसावा की नाही. हे निर्णय वरवर रचनेचे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक निर्णयामागे एका नैतिक प्रश्नाचे उत्तर दडलेले असते. तो प्रश्न असा : जो बोलू शकत नाही किंवा ज्याला बोलू दिलेले नाही, त्याची संमती कलाकृतीने कोणत्या अधिकाराने उच्चारावी?

२

ग्रीक यज्ञाच्या अभ्यासात संमतीच्या कल्पनेला दीर्घकाळ मध्यवर्ती स्थान होते. पशूच्या डोक्यावर पाणी शिंपडले जाई, तो मान हलवी आणि ती हालचाल होकार मानली जाई. सुरी जवाच्या दाण्यांखाली टोपलीत झाकलेली असे. कार्ल मॉयली याने १९४६ मध्ये या साऱ्याला निष्पापपणाचे नाटक म्हटले आणि वाल्टर बुर्केर्ट याने 'होमो नेकान्स' (१९७२) या ग्रंथात त्यावर हिंसा आणि संस्कृती यांच्या संबंधाचा एक भव्य सिद्धांत उभारला. पुढे फ्रेड नाइडन याने २००७ मध्ये या मताची कठोर तपासणी केली. पुराव्यांत संमतीपेक्षा पशूच्या सुदृढतेची परीक्षा अधिक दिसते आणि स्वखुशीचा बळी ही बऱ्याच अंशी आधुनिक अभ्यासकांनी घडवलेली प्रतिमा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. परंतु तो एक गोष्ट सुचवून जातो : बळीला संमत करून घेण्याची ओढ पुरोहितापुरती मर्यादित नाही, ती भाष्यकारालाही असू शकते.

ग्रीक कुंभचित्रांत मिरवणूक, वेदी, अग्नी, मांसाचे वाटप हे सर्व विपुल आढळते. पशूच्या गळ्यावर घाव पडण्याचा क्षण मात्र क्वचितच. पार्थेनॉनच्या शिल्पपट्टावर गायी चालत येतात, एक मान वर करून हंबरते, पण वेदीपर्यंत कोणीही पोचत नाही. याउलट बळी मनुष्य असेल आणि कथा पुराणातली असेल, तर चित्रकाराचा हात अडखळत नाही. ब्रिटिश म्युझियममधील इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील एका कुंभावर पॉलिक्झेनाला तीन योद्ध्यांनी एखाद्या ओंडक्यासारखे आडवे धरले आहे आणि तिच्या गळ्यातून उडालेली रक्ताची धार वेदीवर पडते आहे. जे रोज घडत होते ते दाखवले गेले नाही. जे घडत नव्हते, निदान घडू नये असे मानले जात होते, ते दाखवले गेले. रोजच्या विधीला चित्रातही झाकणाची गरज होती, कथेला ती नव्हती, असा याचा अर्थ लावणे वावगे ठरू नये.

या संदर्भात इफिगेनियाचे उदाहरण विशेष बोलके आहे. एस्किलसच्या 'अगामेम्नॉन' (इ. स. पू. ४५८) या नाटकात तिच्या बलिदानाचे वर्णन वृद्धांच्या समूहगीतात येते. शेळीप्रमाणे तिला वेदीवर उचलून धरले जाते. घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिच्या तोंडाला बांध घातला जातो. आणि ती एखाद्या चित्रातील आकृतीसारखी, बोलू इच्छिणारी, मारणाऱ्या प्रत्येकाकडे नजरेने पाहत राहते. बळीची तुलना चित्राशी करणारे हे आद्य स्थळांपैकी एक असावे. चित्र आणि तोंड बांधलेली मुलगी यांतील साम्य स्पष्ट आहे : दोघेही मुके, दोघेही पाहणाऱ्याकडे पाहणारे. पन्नास वर्षांनी युरिपिडीसने तीच कथा घेतली आणि त्याच्या इफिगेनियाने अखेरीस मरण स्वेच्छेने पत्करले. संमतीची उणीव अशी भरून निघाली.

तिमान्थेस या चित्रकाराने याच प्रसंगाचे जे चित्र काढले ते आज उपलब्ध नाही. पण सिसेरो, प्लिनी आणि क्विंटिलियन यांनी त्याची वाखाणणी करून ठेवली आहे. इतरांच्या चेहऱ्यांवर शोकाच्या चढत्या छटा रंगवल्यावर पित्याच्या शोकासाठी काही उरले नाही, म्हणून चित्रकाराने अगामेम्नॉनचे तोंड वस्त्राने झाकले, हे त्या वाखाणणीचे सार. लेसिंगने 'लाओकून' (१७६६) मध्ये त्याचे वेगळे कारण दिले. पित्याच्या शोकाने चेहरा विद्रूप झाला असता आणि सौंदर्य भंगले असते. म्हणून ते झाकणे हे कलावंताने सौंदर्याला अर्पण केलेले बलिदान होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. येथे 'बलिदान' हा शब्द कोणासाठी वापरला गेला आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. मुलगी वेदीवर आहे. टीकाकाराच्या लेखी त्याग केला आहे तो चित्रकाराने. दोन हजार वर्षे चर्चा झाली ती पित्याच्या न दिसणाऱ्या चेहऱ्याची. मुलीच्या दिसणाऱ्या चेहऱ्याविषयी टीकेने फारसे काही विचारले नाही.

३

अब्राहाम आणि इसहाक यांच्या कथेत मृत्यू घडत नाही. ऐनवेळी देवदूत हात धरतो आणि मुलाऐवजी एडका बळी जातो. पण म्हणूनच बळीच्या संमतीचा प्रश्न येथे अधिक उघडा पडतो. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक एकच प्रश्न विचारतो, होमाचे कोकरू कोठे आहे. त्यानंतर तो बोलत नाही. कुराणात मात्र पिता मुलाला स्वप्न सांगून त्याचे मत विचारतो आणि मुलगा आज्ञेप्रमाणे करण्यास सांगतो. एका परंपरेने जे मौन ठेवले, दुसरीने तेथे होकार दिला.

चित्रपरंपरेत हे मौन तऱ्हेतऱ्हेने हाताळले गेले आहे. सिरियातील दुरा-युरोपोस येथील सिनेगॉगच्या तिसऱ्या शतकातील भित्तिचित्रात अब्राहाम पाठमोरा आहे, वेदीवरील इसहाकही पाठमोरा आहे; एकही चेहरा दिसत नाही. दिसतो तो वरून आलेला ईश्वराचा हात. १४०१ साली फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझ दरवाजासाठी स्पर्धा झाली, तेव्हा हाच विषय देण्यात आला. ब्रुनेलेस्की आणि घिबेर्ती यांचे फलक आज बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. ब्रुनेलेस्कीच्या फलकात पित्याची मूठ मुलाच्या गळ्याशी आवळलेली आहे, मुलाची मान पिरगळली गेली आहे आणि देवदूताला अब्राहामाचे मनगट बळाने पकडावे लागते. घिबेर्तीचा इसहाक गुडघ्यांवर बसलेला, प्राचीन शिल्पातल्या युवकासारखा सुडौल आहे. त्याच्या उघड्या छातीवर भीतीपेक्षा प्रकाश अधिक आहे. काम घिबेर्तीला मिळाले. त्याचा फलक तंत्रदृष्ट्या सरस होता आणि त्याला ब्राँझही कमी लागले होते, ही कारणे खरीच आहेत. परंतु ज्या शिल्पात बळी विरोध करत होता ते मागे पडले आणि ज्यात तो सुंदर झाला होता ते पुढे गेले, हेही तितकेच खरे आहे.

कॅराव्हॅजिओच्या सुमारे १६०३ च्या, आता उफित्सी संग्रहालयात असलेल्या चित्रात पित्याचा हात मुलाचे डोके दगडावर दाबून धरतो. मुलाचे तोंड किंकाळीने उघडे आहे आणि त्याची नजर चित्राबाहेर, पाहणाऱ्याकडे लागली आहे. रेम्ब्रांटने १६३५ साली हाच प्रसंग रंगवला. त्यात अब्राहामाचा रुंद पंजा इसहाकाच्या सबंध चेहऱ्यावर पडलेला आहे. नाक, डोळे, तोंड काहीच दिसत नाही, मागे ताणलेला गळा तेवढा दिसतो. त्या हातात क्रौर्य आहे की मुलाला सुरी दिसू नये ही माया, हे ठरवता येत नाही. पण त्या हाताने आणखी एक काम केले आहे : तो बळीचा चेहरा पित्यापासूनही लपवतो. चेहरा दिसत राहिला असता तर सुरी उचलता आली नसती, असा अर्थ रेम्ब्रांटच्या रचनेतूनच निघतो. कॅराव्हॅजिओने जे उघडे ठेवले ते रेम्ब्रांटने झाकले. मात्र झाकणारा हात इतका ठळक दाखवला की झाकणे हाच चित्राचा विषय झाला. ऋत्विजांनी पाठ फिरवणे आणि त्यांनी पाठ फिरवली आहे हे दाखवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किर्केगार्दने 'भय आणि कंप' (१८४३) या ग्रंथात ही कथा श्रद्धेची परमावधी म्हणून विचारात घेतली. त्याचे लक्ष अब्राहामावर आहे. परंतु आरंभीच्या चार कल्पित रूपांपैकी शेवटच्यात इसहाकाला पित्याची निराशेने आवळलेली मूठ दिसते. दोघे घरी परततात आणि मुलाची श्रद्धा नाहीशी झालेली असते. त्या घरात याविषयी कधीच बोलले जात नाही. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही. अजीगर्त शंभर गायींना मुलगा विकतो, आणखी शंभर घेऊन त्याला यूपाला बांधतो, आणखी शंभर घेऊन शस्त्र परजत पुढे येतो. आपण मनुष्य नसल्यासारखे आपल्याला मारणार आहेत, हे ओळखून शुनःशेप देवांची स्तुती करतो आणि पाश गळून पडतात. सुटल्यावर पिता परत बोलावतो, तेव्हा तो जात नाही. विश्वामित्राचा पुत्र होतो. संमती न दिलेल्या बळीने सुटकेनंतरही संमती नाकारल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. भारतीय शिल्पकलेने हा प्रसंग आपल्या आवडीच्या विषयांत घेतला नाही, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

४

भारतीय यज्ञाने शिल्पात काय ठेवले? मथुरेजवळ ईसापूर येथे कुषाणकालीन दगडी यूप सापडले. लाकडी यूपाचे ते दगडी रूप आहे. दगडात दोरीचे वेढेही कोरलेले आहेत. पशू मात्र नाही. समुद्रगुप्ताच्या अश्वमेध-मुद्रांवर घोडा यूपापुढे उभा आहे, राजचिन्हासारखा डौलदार. घोडा आहे तेथे मृत्यू नाही आणि मृत्यूचे साधन आहे तेथे पशू नाही. नाणेघाटातील सातवाहन राणीच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या सहस्रावधी गायींची गणना आहे; तेथेही हिशेब आहे तो दानाचा. प्रत्यक्ष पाहू नये हा शतपथाचा दंडक जणू दगडानेही पाळला.

मराठी मुलखात या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभते. मराठीत 'बळी' हा शब्द वधल्या जाणाऱ्याचाही आहे आणि वामनाला तीन पावले भूमी देणाऱ्या राजाचाही. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील (इ. स. ५७८) भव्य त्रिविक्रमाचा पाय आकाशाकडे गेला आहे, पाहणाऱ्याची दृष्टी त्या पायाबरोबर वर जाते. पुराणकथेनुसार बळीने तिसऱ्या पावलासाठी आपले मस्तक आपण होऊन पुढे केले. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये हे दान मुळातच अमान्य केले आणि ती कथा आक्रमणाची आणि युद्धाची कथा म्हणून वाचली. त्या वाचनाचे ऐतिहासिक प्रामाण्य हा वेगळा विषय आहे. समीक्षेच्या दृष्टीने त्याचे मोल असे की, बळीने संमती दिली हे सांगणारा कोण, हा प्रश्न त्याने मराठीत प्रथमच इतक्या रोखठोकपणे उपस्थित केला.

महाराष्ट्रातील गावोगाव आढळणाऱ्या सतीशिळांकडे याच प्रश्नाच्या उजेडात पाहावे लागते. कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात, उघडा पंजा, वर चंद्रसूर्य, एवढीच त्यांची सामान्य चिन्हभाषा. बांगड्या न फुटलेल्या आहेत, म्हणजे सौभाग्य अखंड आहे. हात उभारलेला आहे, म्हणजे आशीर्वाद आहे. स्त्रीच्या देहातून शिल्पकाराने नेमका तोच अवयव निवडला जो होकार देऊ शकतो. चेहरा बहुधा नाहीच आणि असला तरी तो कोणा एकीचा नसतो. हे शिल्प म्हणून संयत आहे, कित्येकदा सुंदर आहे. आणि त्याचा संयम हाच त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. ती हात उभारून गेली, की धरून नेली गेली, हे विचारण्यास दगडात जागा ठेवलेली नाही.

हा प्रश्न पुराणवस्तूंचा राहिलेला नाही, हे सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातील देवराला येथील घटनेने दाखवून दिले. अठरा वर्षांची विधवा चितेवर जळाली. तिने स्वेच्छेने मरण पत्करले की तिला बळजबरीने नेले, यावर देशभर वाद झाला. तो चालू असतानाच तिची जुळवलेली चित्रे विकली जात होती : पतीचे मस्तक मांडीवर घेतलेली, ज्वाळांत शांत बसलेली स्त्री. न्यायालयात जी संमती वादग्रस्त राहणार होती ती चित्रात आधीच सिद्ध झाली होती. त्याच वर्षी झालेल्या सती प्रतिबंधक कायद्याने सतीच्या उदात्तीकरणालाही दंडनीय ठरवले. प्रतिमा निरागस नसते, याची एवढी स्पष्ट कबुली कायद्याने क्वचितच दिली असेल.

श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'मुळे आणि स्त्रियांच्या गाण्यांतून घराघरांत पोचलेली श्रियाळ-चांगुणेची कथा मराठी मनाला या प्रश्नाच्या अधिक जवळ नेते. अतिथिरूपाने आलेला शिव चिलया बाळाचे मांस मागतो. एवढ्याने भागत नाही. आईने मुलाचे डोके उखळात कांडताना गाणे म्हणावे आणि डोळ्यांत पाणी आणू नये, ही अट असते. देवाला केवळ बळी नको आहे, बळी देणारीची प्रसन्नता हवी आहे. कथा शेवटी बाळ परत देते आणि श्रोता सुटकेचा निःश्वास टाकतो. तथापि स्त्रियांच्या गाण्यात ही कथा टिकली ती शेवटच्या चमत्कारासाठी की उखळापुढच्या त्या अश्रूहीन आईसाठी, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. न रडण्याची आज्ञा असलेल्या आईविषयी गाताना गाणारीला रडता येते. देवाच्या अटीतून निसटण्याची ही वाट असावी.

५

जे झाकले जाते ते उघडे करून दाखवले की कलावंत नैतिकदृष्ट्या मोकळा होतो काय? तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मेक्सिकोतील अझ्टेक कलेत झाकण्याचा हव्यास दिसत नाही. १९७८ साली मेक्सिको शहराच्या मध्यभागी महामंदिराच्या पायथ्याशी सापडलेल्या सव्वातीन मीटर व्यासाच्या शिळेवर कोयोलशाउकी या देवीचा छिन्नविच्छिन्न देह कोरलेला आहे. वरून ढकललेली बळींची शरीरे पायऱ्यांवरून ज्या बाजूला येत, त्याच बाजूला ही शिळा होती. येथे सर्व काही दिसते, पण ते विजेत्या देवाच्या बाजूने दिसते. प्रत्येक नवे शरीर जुन्या पराभवाची आवृत्ती ठरते आणि बळीला स्वतःचा चेहरा मिळत नाही, देवीचा मिळतो. सोळाव्या शतकात साहागून या धर्मगुरूच्या देखरेखीखाली स्थानिक चित्रकारांनी सजवलेल्या ग्रंथात तेझ्कात्लिपोका देवाचे रूप म्हणून वर्षभर पुजल्या गेलेल्या तरुणाचे वर्णन आहे. अखेरच्या दिवशी तो आपल्या बासऱ्या मोडत, आपल्या पायांनी मंदिराच्या पायऱ्या चढतो. संमतीची प्रतिमा येथेही चुकलेली नाही. पुढे याच प्रकारची चित्रे युरोपात अझ्टेकांच्या रानटीपणाचा दाखला म्हणून फिरली आणि स्पॅनिश विजेत्यांनी केलेला संहार त्यांच्या आडोशाला गेला. दुसऱ्याच्या वेदीवरचे रक्त दाखवणे हे स्वतःच्या हातावरचे रक्त झाकण्याचे साधन होऊ शकते.

तेव्हा रक्त किती दिसते, हा कलाकृतीच्या नैतिक मूल्याचा निकष होऊ शकत नाही. श्रद्धा आहे की निषेध, हाही नाही. जैन परंपरेतील यशोधराच्या कथेने याहून खोल निकष पुरवला आहे. सोमदेवाच्या 'यशस्तिलका'त (इ. स. ९५९) आणि तेराव्या शतकात जन्नाच्या कन्नड काव्यात ती सांगितली गेली, गिरीश कार्नाड यांनी १९८० साली तिच्यावर नाटक रचले. आईच्या आग्रहाखातर राजा जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा कापतो. कोणीही मेलेले नाही. कापली गेली ती केवळ प्रतिमा. तरीही मारण्याचा संकल्प झाला होता, म्हणून आई आणि मुलगा अनेक जन्म पशुपक्षी होऊन मारले जातात. शेवटी ते मानवी बालके म्हणून जन्मतात आणि मारिदत्त राजा त्यांना देवीपुढे बळी देण्यास आणवतो. वेदीसमोर उभे राहून ती दोन मुले आपली कथा सांगतात. ती ऐकून राजाचा हात थांबतो.

या कथेत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली, प्रतिमा करणाऱ्याला जबाबदारीतून सूट नाही. पिठाचा कोंबडाही साक्ष देतो. दुसरी, वध थांबतो तो देवदूताने हात धरल्यामुळे नव्हे, बळीने निवेदक होऊन बोलल्यामुळे. बलिदानाच्या चित्रणाकडून अपेक्षा करायचीच तर ती या दुसऱ्या गोष्टीची करावी लागेल : चित्रात बळीला अशी जागा असावी की जेथून तो पाहणाऱ्याला काही विचारू शकेल. कॅराव्हॅजिओच्या इसहाकाला ती आहे, एस्किलसच्या इफिगेनियाला आहे. चेहरा झाकूनही रेम्ब्रांटच्या इसहाकाला ती आहे, कारण झाकणारा हात लपवलेला नाही. सतीशिळेतल्या स्त्रीला ती नाही.

६

उरतो तो आस्वादकाचा आणि समीक्षकाचा प्रश्न. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना मराठी काव्यशास्त्रविचाराला चांगली परिचित आहे. रंगमंचावरील शोक माझा, शत्रूचा वा तटस्थाचा राहत नाही. व्यक्तिसंबंध गळून पडतात आणि म्हणूनच तो आस्वाद्य होतो. या उपपत्तीवाचून करुणरसाचा आनंद समजावून देणे कठीण आहे. परंतु बलिदानाच्या बाबतीत ती एका अडचणीत सापडते. बळीच्या शोकाचे वैशिष्ट्य हेच की तो विशिष्टाचा आहे : अमुक एका जिवाला विचारले गेले नाही. हे विशिष्टत्व गळाले की उरतो तो सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नसलेला, उदात्त शोक. अशा वेळी साधारणीकरण हे आस्वादाच्या पातळीवरचे संज्ञपन ठरण्याचा धोका असतो. ऋत्विज 'मार' म्हणत नाही. रसिकही म्हणत नाही.

हर्षाच्या 'नागानंद' नाटकाची समीक्षा हा या धोक्याचा उत्तम दाखला आहे. गरुडाने सर्व नाग संपवू नयेत म्हणून वासुकीने त्याच्याशी करार केला आहे : रोज एक नाग वध्यशिळेवर पाठवायचा. शंखचूडाची पाळी येते, आई आक्रोश करते आणि जीमूतवाहन त्याच्या जागी स्वतःला देतो. आनंदवर्धनापासून धनिक आणि अभिनवगुप्तापर्यंत जी चर्चा झाली ती मुख्यतः नायकाच्या त्यागातील रस शांत मानावा की दयावीर, यासंबंधी. ती मौलिक आहे, यात शंका नाही. पण नाटकात पर्वतशिखरांसारखे पांढरे ढीग दिसतात आणि जवळून पाहिल्यावर ती आधी गेलेल्या नागांची हाडे असल्याचे कळते. त्या नागांची संमती वासुकीने दिली होती, त्यांनी नव्हे. त्यांच्या हाडांना कोणता रस लागू पडतो, हे कोणी विचारले नाही. नाटककाराने मात्र त्यांना विसरू दिले नाही. शेवटी अमृताची वृष्टी होते तेव्हा तेही उठतात.

अभिनवगुप्ताने रसास्वादात व्यत्यय आणणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. धार्मिक बलिदानाच्या काही कलाकृतींत असे विघ्न हाच त्यांचा नैतिक आशय असतो, असे मानण्यास जागा आहे. इसहाकाची किंकाळी आस्वादाच्या आड येते. ती यावी यासाठीच ती रंगवलेली आहे. तिला 'रौद्र', 'करुण' किंवा 'उदात्त' असे नाव देऊन तिची सोय लावणे ही समीक्षेची सवय आहे, आणि या सवयीला लेसिंगसारखा मर्मज्ञही अपवाद ठरला नाही.

घेंट येथील व्हॅन आइक बंधूंच्या वेदीचित्राचा (१४३२) अलीकडचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. मध्यभागी वेदीवर कोकरू उभे आहे आणि त्याच्या छातीतून रक्ताची धार पात्रात पडते आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास या चित्रावर पुन्हा रंग चढवण्यात आला आणि कोकराचे तोंड साध्या, भावशून्य जनावराचे झाले. अलीकडच्या जतनकार्यात तो थर काढण्यात आला. २०२० च्या आरंभी चित्र पुन्हा लोकांसमोर आले तेव्हा खालून निघालेला चेहरा समोर पाहणारा, जवळजवळ माणसासारख्या डोळ्यांचा होता. अनेकांना तो विचित्र वाटला, काहींनी त्याची थट्टा केली. साडेचार शतके ज्या कोकराकडे निःशंकपणे पाहता येत होते, ते आता उलट पाहू लागले होते.

चित्रावरचा थर जतनकारांनी काढला. टीकेच्या परिभाषेने बळीच्या चेहऱ्यावर चढवलेले थर काढण्याचे काम टीकेलाच करावे लागेल. त्यासाठी यज्ञाचा अर्थ, श्रद्धेची खोली किंवा शैलीचा उत्कर्ष यांचा विचार सोडण्याचे कारण नाही. फक्त तो विचार करताना आहवनीयाकडे तोंड फिरवून चालणार नाही.